डीसीटी की मॅन्युअल? सेडान घेताना आणि घेतल्यावर या चुका टाळा

बाजारात ‘ऑटोमॅटिक’ नावाची एकच वस्तू मिळत नाही, एवढं शोरूमला जाण्याआधी कळलं तरी मला येणारे निम्मे फोन बंद होतील. होंडा सिटीत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टसच्या १.० लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा जुना प्रकार, १.५ लिटरला ७ गिअरचा डीएसजी, म्हणजे डीसीटीच, दोन क्लचचा गिअरबॉक्स. ह्युंदाई व्हर्नाच्या साध्या पेट्रोलला आयव्हीटी, म्हणजे सीव्हीटीच, टर्बोला ७ गिअरचा डीसीटी. मारुती डिझायरला एएमटी, म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हाताळतं. मेहुण्याची ‘ऑटोमॅटिक’ पाच वर्षं विनातक्रार चालली म्हणून तुम्ही डीसीटी बुक करता, आणि मेहुण्याकडे असते सीव्हीटी.

डीसीटीत क्लच दोन असतात. एकाकडे १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६. एक गिअर चालू असतानाच पुढचा लावून ठेवलेला असतो, म्हणून बदल कळतसुद्धा नाही. जालन्याहून समृद्धीला लागलात की या गिअरबॉक्सला तोड नाही, हे मीही मानतो. पण वर सांगितलेल्या सेडानमधले हे क्लच कोरडे आहेत. घासले की तापतात, आणि ती उष्णता वाहून न्यायला त्यांच्याभोवती तेल नाही.

चढावर रेस देऊन गाडी धरणं

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक. कन्नडच्या घाटात जड वाहनांना बंदी येण्याआधीची गोष्ट. आमच्या ओळखीतले एक बियाण्याचे दुकानदार लग्न आटोपून चाळीसगावकडून वर येत होते. मे महिना, टळटळीत दुपार, गाडीत पाच माणसं, एसी फुल आणि पुढं ट्रकची रांग. फोन आला, “भाऊ, गाडीत जळका वास यायलाय. स्क्रीनवर गिअरबॉक्स गरम झाला म्हणून दाखवायलंय.”

“ब्रेकवर आहात ना?”

“नाही, थोडी रेस देऊन धरलीय. मागं येऊ नये म्हणून.”

“कधीपासून?”

“जाम लागल्यापासून!”

वीस वर्षं मॅन्युअल चालवलेला माणूस चढावर हाफ क्लचवर गाडी धरतो, तसंच त्यांनी इथं केलं. फरक एवढाच की इथं हाफ क्लच त्यांच्या पायाला जाणवत नव्हता. तो संगणक लावत होता. त्यांना म्हटलं, जागा मिळेल तिथं डावीकडं घ्या, हँडब्रेक ओढा, पी मध्ये टाका, इंजिन चालूच ठेवा आणि अर्धा तास झाडाखाली बसा. दहा मिनिटांत इशारा गेला, आणि बायकोनं घाई केली म्हणून हे परत रांगेत. घाट चढले खरे, पण पुढं पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरायला लागली. शेवटी क्लचचा पूर्ण संच बदलावा लागला. झिजणारा भाग म्हणून वॉरंटीत बसला नाही.

ब्रेक पूर्ण दाबून गाडी उभी केली की संगणक क्लच सोडून देतो. ब्रेक हलका ठेवून इंच-इंच सरकवत राहिलात की क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि घासतो. म्हणून माझी सवय अशी: पुढं दोन गाड्यांइतकी जागा झाल्याशिवाय ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. मग एका दमात पुढं जायचं आणि पुन्हा पूर्ण थांबायचं. ऑटो होल्ड, म्हणजे पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय, असेल तर तो लावायचा. मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू द्या, क्लच त्याच्या पैशाचा नाही.

पावसाळ्यात सेडान शेतात नेऊ नका, हे सांगून उपयोग नाही, नेणारे नेतातच. काळ्या मातीत चाक रुतलं की जोरात रेस देऊ नका, एवढं तरी ऐका. चाकाखाली पऱ्हाट्या किंवा बारदाना टाका. ट्रॅक्टर बोलावलाच, तर दोर बांधण्याआधी गाडीच्या पुस्तकातलं टोइंगचं पान वाचा. बंद पडलेली डीसीटी गाडी तशीच लांबवर ओढत न्यायची नसते.

बॅटरी उतरली तर धक्का स्टार्ट होत नाही. जंपर केबल डिकीत ठेवा.

उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचत नाही. पुरे.

आणि सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या रिमॅपवाल्या पोरांनो, स्लाव्हिया-व्हर्टसचं १.५ टीएसआय इंजिन मुळातच २५० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. त्याच्यामागचा डीएसजी, म्हणजे डीक्यू२०० गिअरबॉक्स, २५० न्यूटन मीटरपर्यंतच झेलण्यासाठी बनवलाय. आता कुठं वाढवता?

पुण्याची ‘कमी चाललेली’ गाडी

एमएच १२ किंवा १४ पासिंग, रीडिंग चाळीस हजार, रंग चकचकीत. आपला माणूस तिथल्या तिथं टोकन देऊन येतो. ते चाळीस हजार हिंजवडीच्या सिग्नलवर झाले असतील, तर क्लचनं लातूर-नांदेड रोडच्या लाखभर किलोमीटरइतका मार खाल्लेला असू शकतो. मीटर हे सांगत नाही. मी गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघतो. हलक्या पायानं पहिल्यातून दुसऱ्यात जाऊ देतो. थरथर तिथंच कळते. मग चढावर रिव्हर्स घेतो. अर्धा तास गर्दीत फिरवून, गिअरबॉक्स तापल्यावर तेच सगळं पुन्हा. शेवटी स्कॅनर लावून क्लचचे आकडे बघायला सांगतो. एजंट म्हणतो, “साहेब, संध्याकाळी दुसरी पार्टी येणारे.” येऊ द्या. मेकॅट्रॉनिक, म्हणजे क्लच आणि गिअर चालवणारा गिअरबॉक्सचा मेंदू, गेला तर खर्च लाखाच्या घरात जातो, आणि तो त्या पार्टीनं केलेला बरा.

मॅन्युअलवाल्यांनी फार हसू नये. रस्ता मोकळा असताना डावा पाय क्लचवर टेकवून बसणारे मी रोज बघतो. शेजारी पाय ठेवायला जागा दिलेली असते, ती शोभेला नाही. मॅन्युअलचा फायदा असा की क्लचप्लेट गेली तर तालुक्याचा मिस्त्रीही ती बदलून देतो.

निवडताना माझा पहिला प्रश्न अॅव्हरेजचा नसतो. तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स उघडू शकणारा माणूस कुठं बसतो, हा असतो. संभाजीनगरात राहता, हायवेचं चालवणं जास्त आहे, तर डीसीटी खुशाल घ्या, पण सीट कव्हरचे पैसे एक्स्टेंडेड वॉरंटीत घाला. किनवट किंवा कळमनुरीला असाल आणि डावा पाय दुखतो म्हणून ऑटोमॅटिक हवी असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर नाहीतर सीव्हीटी बघा. पाय ठणठणीत असेल तर मॅन्युअल.

एक ओव्हरटेकचं. उसाच्या जोड ट्रॉलीमागं हळू चालताना डीसीटी पहिल्या-दुसऱ्यात घुटमळतो. मॅन्युअल मोडला टाकून दुसरा गिअर धरून ठेवा. मोकळ्या रस्त्यावर ओव्हरटेक घेण्याआधी एस (स्पोर्ट) मोड लावा. डी मध्ये असताना एकदम पाय दाबला की गिअर खाली यायला क्षणभर लागतो, आणि समोरून एसटी येत असते.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमपुढच्या सरळ रस्त्यावर उरकू नका. संध्याकाळी सहाला जालना रोडवर न्या, एखाद्या पुलाच्या चढावर थांबवून बघा, घरच्या गल्लीत रिव्हर्स घ्या. सेल्समन म्हणाला “सर, पेट्रोल कमी आहे,” तर पाचशेचं तुम्ही टाका.