कर सुधारणेच्या कामात उतरताय? आधी तक्त्यातला भाजक बघा

अर्थशास्त्रात एम.ए. झालंय, स्टाटा किंवा आर (आकडेवारीची सॉफ्टवेअर्स) बऱ्यापैकी येतं आणि आता कर व सार्वजनिक खर्चाच्या सुधारणेवर काम करणाऱ्या एखाद्या आंतरराष्ट्रीय भागीदारीत शिरायचंय, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. व्हॅट म्हणजे काय, प्रतिगामी कर कशाला म्हणतात, हे सांगत बसत नाही.

या क्षेत्रात कोण कोण आहे ते थोडक्यात. जुलै २०१५ मध्ये अदिस अबाबाला विकासाच्या वित्तपुरवठ्यावर परिषद झाली. विकसनशील देशांना स्वतःचा महसूल उभारता यावा म्हणून दिली जाणारी तांत्रिक मदत २०२० पर्यंत दुप्पट करू, असं देणगीदार देशांनी तिथे कबूल केलं. तो अदिस टॅक्स इनिशिएटिव्ह. पुढच्याच वर्षी नाणेनिधी, जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रं आणि ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) यांनी करविषयक कामासाठी समाईक मंच काढला. लंडनच्या आयएफएस आणि ओडीआय या धोरण-संशोधन संस्थांचं टॅक्सडेव्ह हे केंद्र इथिओपिया, घाना, रवांडा, युगांडा इथल्या सरकारांबरोबर काम करत आलंय. नावं अनेक असली तरी रोजचं काम जवळपास सारखंच: अर्थमंत्रालयातल्या लोकांच्या शेजारी बसायचं, विवरणपत्रांची आणि घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणांची माहिती चाळायची, आणि अर्थसंकल्पाच्या आधी ‘ही सवलत काढली तर काय होईल?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं.

ते उत्तर देतानाच नवखा माणूस हमखास सापडतो. मला याच खड्ड्याने सगळ्यात जास्त छळलं, म्हणून इथे जरा पाल्हाळ लावतो.

समजा दोन घरं आहेत. गरीब घराचा महिन्याचा खर्च १,०००, त्यातले ६०० अन्नावर. श्रीमंत घराचा खर्च १०,०००, त्यातले २,५०० अन्नावर. व्हॅटचा दर १५ टक्के, पण अन्नाला माफी. या माफीमुळे गरीब घराचे ९० वाचतात, म्हणजे त्याच्या खर्चाच्या ९ टक्के. श्रीमंताचे ३७५ वाचतात, म्हणजे पावणेचार टक्के. टक्केवारी पाहून तुम्ही लिहिता, ‘माफी गरिबांच्या बाजूची आहे.’ वाक्य बरोबर आहे. पण सरकारने एकूण ४६५ सोडले आणि त्यातले जवळपास ८० टक्के श्रीमंताच्या घरात गेले, हेही तितकंच बरोबर आहे. पहिल्या हिशेबाचा भाजक घराचा खर्च आहे, दुसऱ्याचा सरकारने सोडलेला एकूण पैसा. मंत्र्यांपुढे कोणता तक्ता ठेवता, त्यावर अख्खी चर्चा फिरते.

एवढ्यावर सुटका नाही. गरीब घरातलं अर्धं अन्न शेतातून किंवा व्हॅटची नोंदणीच नसलेल्या विक्रेत्याकडून येत असेल, तर त्यावर कर तसाही लागणार नव्हता. मग त्याचे खरे वाचतात ४५. श्रीमंत नोंदणी असलेल्या दुकानातून घेतो, त्याचे ३७५ तसेच. आता एकूण ४२० पैकी ८९ टक्के वरच्या घरात! शिवाय माफी म्हणजे शून्य दर नव्हे. शून्य दर असेल तर विक्रेत्याला स्वतःच्या खरेदीवर आधी भरलेल्या व्हॅटचा परतावा मिळतो; माफीच्या मालावर मिळत नाही, म्हणून तो व्हॅट किमतीत मुरतो. त्यामुळे हे ४५ आणि ३७५सुद्धा थोडे फुगलेलेच.

मग माफी काढून टाका? थांबा. नवखे लोक इथेच अहवाल बंद करतात आणि मला त्याचा राग येतो. माफी काढली आणि लोक पूर्वीइतकंच खात राहिले, तर ४२० जमा होतील. ते दोन्ही घरांना सारखे वाटले तर प्रत्येकी २१० येतात आणि गरीब घर १६५ ने वर जातं. कागदावर झकास. पण कर पहिल्या महिन्यापासून कापला जातो आणि अनुदान पोचायला वर्ष लागलं, तर मधल्या काळात त्या घराने काय खायचं? म्हणून खर्चाच्या बाजूचं ज्ञान नसलेल्या कर-तज्ज्ञाला मी अर्धाच तज्ज्ञ मानतो. पीफा मूल्यमापनात, म्हणजे सरकारी पैशाचं व्यवस्थापन जोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय तपासणीत, ३१ निर्देशक असतात. अर्थसंकल्पात छापलेला पैसा प्रत्यक्ष खर्च होतो का, हे त्यातले पहिलेच निर्देशक विचारतात. तिथे एखाद्या देशाला ‘ड’, म्हणजे सगळ्यात खालची, श्रेणी असेल, तर ‘भरपाई देऊ’ हे आश्वासन तुमच्या अहवालात फार जपून लिहा.

हे वाचून घाबरू नका. यातलं गणित शाळेतलं आहे. अवघड आहे ती सवय: प्रत्येक टक्केवारीला ‘कशाच्या टक्के?’ विचारायची. ती लागते. थोडा वेळ घेते, पण लागते.

प्रमाणपत्रांच्या कोर्सबद्दल माझं मत वाईट आहे. चार-पाच गोळा करून सीव्ही लांब होतो, बाकी काही होत नाही. त्यापेक्षा हेलसिंकीच्या युएनयू-वायडर या संशोधन संस्थेकडून साउथमॉडचं (विकसनशील देशांतल्या कर आणि अनुदानांचा घरांवरचा परिणाम मोजणाऱ्या संगणकी मॉडेलांचा संच) एखादं मॉडेल मागवा, टांझानियाचं टॅझमॉड किंवा घानाचं घामॉड. संशोधनासाठी ती मोफत मिळतात. एक दर बदला, निकाल काढा आणि तोच निकाल दोन्ही भाजकांनी मांडा. हे दोन पानी काम मुलाखतीत जास्त बोलतं.

गुरू शोधायचा तर परिषदांमध्ये भाषणं देणाऱ्यांच्या मागे फिरू नका. महसूल खात्यात वर्षानुवर्षं विवरणपत्रं तपासणारा एखादा अधिकारी असतो. कोणत्या रकान्यात लोक खरं लिहितात आणि कोणता नुसताच भरायचा म्हणून भरतात, हे त्यालाच ठाऊक असतं. त्याच्याशी बोलायला मिळालं तर लॅपटॉप बंद करून ऐका. एका प्रकल्पात बाहेरून आलेल्या सल्लागारांनी सुंदर डॅशबोर्ड बनवलेला मी पाहिलाय. ते गेल्यावर तो कुणी उघडला नाही, कारण त्यातले आकडे त्या अधिकाऱ्याला कुणी दाखवलेच नव्हते.

नोकरीबद्दल स्पष्टच सांगतो: ही कामं बहुतेक कंत्राटी असतात आणि निधी देणगीदार देशांच्या राजकारणावर हेलकावे खातो. मुलाखतीत तुमची पाळी आली की तीन गोष्टी विचारा. निधी कोणत्या वर्षापर्यंत मंजूर आहे? विवरणपत्रांची माहिती वापरायचा करार महसूल खात्याशी झालाय की व्हायचाय? आणि मंत्रालयातलं कोण तुमच्याबरोबर रोज काम करणार आहे? तिसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचं नाव मिळालं नाही, नुसतं ‘विभाग’ असं उत्तर आलं, तर दुसरीकडचा अर्ज मागे घेऊ नका.