नॉईज काढायचं सॉफ्टवेअर अपग्रेड करताय? त्याआधी या चुका टाळा

लग्नसराई उरकली की फोटोग्राफर पोरांचे मला एकाच विषयावर फोन येतात: नॉईज, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोत दिसणारे बारीक दाणे, काढायचं सॉफ्टवेअर. परवा कोल्हापुरातल्या गंगावेशीतनं एकाचा आला.

"दादा, नॉईजच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलंय. आज रात्री बारापर्यंतच ऑफर आहे. घेऊन टाकू का?"

"आत्ताच्या व्हर्जनमध्ये तुझा कुठला फोटो अडलाय?"

तो जरा थांबला. "तसा कुठला अडला नाही ओ, पण नव्यात लय भारी निघतंय म्हणं."

मी त्याला ऑफर जाऊ दे म्हणालो. अडलेला फोटो हातात नसताना केलेलं अपग्रेड हे फक्त खर्च असतं. मी स्वतः असंच एका रात्री पैसे भरून बसलो होतो, त्यामुळे ज्या ठिकाणी पाय घसरतो ती ठिकाणं मला माहीत आहेत. ती सविस्तर लिहितोय.

जो नॉईजच नाही, त्याच्यावर सॉफ्टवेअर चालवणं

ही सगळ्यात मोठी चूक. तालमीतला एक फोटो सांगतो. पहाटे साडेपाचची वेळ, हौद्यातली लाल माती नुकतीच उकरलेली, वर दोन ट्यूबलाइट. पैलवान जोर मारतोय म्हणून मी शटर १/५०० (सेकंदाचा पाचशेवा भाग) ठेवलं. घरी येऊन बघितलं तर फोटोच्या वरच्या अंगाला पिवळट आणि खाली काळपट आडवा पट्टा. नॉईज समजून मी सॉफ्टवेअरची ताकद वाढवत नेली. दाणे गेले, पैलवानाच्या खांद्यावरची माती गेली, घामाचा थेंब गेला, पट्टा मात्र जिथल्या तिथं.

तो नॉईज नव्हताच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. १/५०० ला कॅमेऱ्यानं त्या लुकलुकीचा एक तुकडा पकडला. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलं, नाहीतर कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सेटिंग चालू केली, की पट्टा येतच नाही. कुठलंही नवं व्हर्जन हे काम करणार नाही.

हललेला फोटो, चुकलेला फोकस, व्हॉट्सअ‍ॅपवरून येताना चुरगळलेली जेपेग फाइल यांचंही तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो खराब दिसतोय म्हणून सॉफ्टवेअर बदलायला निघालेली माणसं मी बघितली आहेत. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा, विषय मिटला.

आयएसओला भिऊन फोटो काळा काढणं

नॉईज नेमका कुठून येतो, हे वळवाच्या पावसात बघा. पहिली सर येते तेव्हा कौलांवर थेंब विरळ पडतात. एका कौलावर दहा, शेजारच्यावर सहा, पलीकडच्यावर चौदा. छप्पर ठिपक्या-ठिपक्यांचं दिसतं. पाऊस लागून राहिला की सगळी कौलं सारखीच भिजतात. सेन्सरवर प्रकाशाचे कण असेच पडतात. सरासरी १०० कण पडले तर १०चा चढउतार, म्हणजे दहा टक्के. १०,००० पडले तर १००चा चढउतार, म्हणजे एकच टक्का. नॉईज मुळात प्रकाश कमी पडल्याचा आहे. आयएसओचा आकडा, म्हणजे कॅमेऱ्यातली फोटो उजळायची सेटिंग, फक्त तो उजळून दाखवतो.

म्हणून "मी १६००च्या वर जात नाही" म्हणणारा मंगल कार्यालयात काळा फोटो काढतो आणि घरी तीन स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट, म्हणजे आठपट) वर ओढतो, तेव्हा त्याला साधारण १२,८०० आयएसओचाच नॉईज मिळतो. काही कॅमेऱ्यांत त्याहून वाईट. फोटो जागेवरच नीट उजेडाचा काढा.

आणि एफ ४ची झूम (एफचा आकडा लहान तेवढा लेन्समधून उजेड जास्त) लावून हळदीला जाणाऱ्यांनी एक हिशोब करावा. ५० एमएम एफ १.८ लेन्स त्याच शटरला जवळपास पाचपट प्रकाश आत घेते. अशा साध्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्समध्ये घातलेले पैसे दहा वर्षं कामाला येतात, म्हणून हातात तेवढेच पैसे असतील तर माझं मत लेन्सला.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर दिवे लागतात, तिथं तर ट्रायपॉड हेच औषध. आयएसओ १००, शटर वीस सेकंद. लांब एक्स्पोजरमध्ये लाल-निळे चमकते ठिपके आले तर कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन चालू करा. कॅमेरा तेवढ्याच वेळाचा एक अंधारा फोटो काढून ते ठिपके वजा करतो. वीस सेकंदांच्या फोटोला चाळीस सेकंद लागतात, मध्येच कॅमेरा बंद पडला असं समजू नका.

गुलाल पुसून टाकणं

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावरचा फोटो. सासनकाठी तोलणारे एक आजोबा, वर बघतायत, हवेत गुलाल. मूळ फाइल शंभर टक्के मोठी करून बघितली तर त्यांच्या पापणीवर गुलालाचे कण सुटे-सुटे दिसतात. एक कण तर डोळ्याच्या कडेच्या ओलाव्यात विरघळायला लागलेला. माझ्या जुन्या व्हर्जननं ते कण राखले होते. नव्यात घातला आणि पापणी लख्ख निघाली. गालावर गुलाबी रंगाचा एकसलग लेप आला, जणू ब्रशनं लावलाय. हवेतला गुलाल धुकं होऊन गेला.

सॉफ्टवेअरला गुलाल कुठं माहीत? त्याला बारीक, विखुरलेले, बेशिस्त ठिपके दिसले की तो नॉईज. तालमीतली उडती माती, पैठणीच्या पदराचं जरीकाम, नवरदेवाच्या दाढीचे खुंट, सगळ्याला हाच धोका. उलट बाजूनं आणखी वाईट घडतं. एआयवर चालणारं मॉडेल जिथं तपशील उरलेलाच नाही तिथं स्वतःच्या मनानं भरतं. मागच्या दुकानाच्या पाटीवर कुठल्याच लिपीतली नसलेली अक्षरं उमटतात, गर्दीतल्या लांबच्या माणसाचे डोळे वेडेवाकडे होतात. पार्टीनं, म्हणजे गिऱ्हाइकानं, अल्बममध्ये आपल्या काकांना ओळखलं नाही, तर तो फोटो कितीही स्वच्छ असून उपयोग काय?

इलाज असा: ताकद खाली आणा. अडोबीच्या लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एआय डिनॉईजचा (नॉईज काढायच्या सोयीचा) आकडा सुरुवातीला ५० असतो. गुलालाच्या फोटोला मी २० ते २५ ठेवतो. किंवा दोन थर करा, वर साफ केलेला आणि खाली मूळ, आणि चेहरा-गुलाल यांच्यावरचा वरचा थर मास्कनं, म्हणजे तेवढीच जागा निवडून, पातळ करा. आकाश आणि भिंती हव्या तेवढ्या गुळगुळीत होऊ द्या. हे जुन्या व्हर्जनमध्येही होतं, त्याला अपग्रेड लागत नाही.

दोनशे टक्के झूमवर निर्णय घेणं

स्क्रीनवर डोळा चिकटवून बघितलं तर प्रत्येक फोटोत नॉईज आहे. पार्टी तो कुठं बघणार, हे आधी ठरवा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. तो फोनसाठी १०८० वर आणला की मूळचे तीसेक पिक्सेल मिळून एक होतो आणि दाणे साधारण पाचपटीनं मरतात. १२ बाय ३६च्या अल्बमच्या एका पानाला, म्हणजे १२ बाय १८ इंचाला, ३०० डीपीआयनं ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. तिथं जवळपास पूर्ण फाइल वापरली जाते, म्हणून खरी कसोटी छपाईत. आणि कागदावर दाणा स्क्रीनपेक्षा कमी बोचतो.

हातातलं सॉफ्टवेअर न वापरताच नवं घेणं

लाइटरूममध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्यानं जेपेग न केलेला कच्चा फोटो) उघडली की शार्पनिंग आपोआप ४० वर असतं, रंगाचा नॉईज २५ वर कमी केलेला असतो आणि ल्युमिनन्सचा (उजेड-अंधाराच्या दाण्याचा) आकडा शून्यावर. म्हणजे दाण्याला धार लावली जाते आणि त्याला आवर कोणीच घालत नाही. आल्ट दाबून मास्किंगची पट्टी सरकवा. काळी झालेली जागा शार्पनिंगमधून सुटते, फक्त कडा पांढऱ्या राहतात. एवढ्यानं अर्धी तक्रार मिटलेली मी स्वतः बघितली आहे. पैसेच घालायचे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे आणि त्यात कॅमेऱ्याच्या प्रोफाइलनुसार नॉईज काढायची सोय आहे.

क्रमही चुकतो. आधी डिनॉईज, मग डाग काढणं, मास्क आणि शार्पनिंग. शार्प केलेला दाणा सॉफ्टवेअरला तपशील वाटतो.

खरी झेप आणि नुसता नवा आकडा यांत फरक न करणं

अपग्रेड कधीच करू नका असं मी म्हणत नाही. काही वेळा ते करायलाच हवं.

बहुतेक जुनी सॉफ्टवेअरं तयार झालेल्या चित्रावर काम करायची. २०२०च्या ऑक्टोबरात डीएक्सओ या कंपनीनं डीपप्राइम आणलं, ते रॉमधला कच्चा डेटा रंगीत चित्रात बदलतानाच नॉईज काढतं. अडोबीनं लाइटरूममध्ये एआय डिनॉईज दिलं ते २०२३च्या एप्रिलमध्ये. तुमचं व्हर्जन या पिढीच्या आधीचं असेल आणि तुम्ही आयएसओ ६४००च्या वर नेहमी काम करत असाल, तर फरक कोणालाही दिसेल. पैसे घाला. पण या पिढीत एकदा आलात की पुढची पावलं लहान आहेत. डीएक्सओच्या प्युअररॉ या नॉईज काढायच्या सॉफ्टवेअरची २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत पाच व्हर्जनं आली. प्रत्येक घ्यायची गरज नाही, एखाददुसरं सोडून घेतलं तरी काम अडत नाही. फक्त सवलतीचा अपग्रेड दर किती जुन्या व्हर्जनपर्यंत मिळतो, ते आधी वाचा.

दुसरं खरं कारण नवीन कॅमेरा. बॉडी नवी आणि सॉफ्टवेअर जुनं असेल तर रॉ फाइल उघडतच नाही. अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर (नवी रॉ फाइल डीएनजी या अडोबीच्या रॉ प्रकारात बदलणारा) फुकट आहे, लाइटरूमच्या जुन्या व्हर्जनला त्यानं वेळ निभावते. सगळी सॉफ्टवेअरं मात्र ती डीएनजी स्वीकारत नाहीत, एक फाइल घालून बघा.

कॉम्प्युटरला न विचारणं

माझे पैसे गेले ते इथं. सॉफ्टवेअर चांगलं होतं, माझं ग्राफिक कार्ड जुनं होतं. एका फोटोला चार मिनिटं. एका लग्नाचे ६०० फोटो म्हणजे ४० तास. पार्टीला आठवड्यात फोटो द्यायचे होते. शेवटी अंधारातले साठ-सत्तर निवडून तेवढेच केले आणि पुढंही तीच पद्धत ठेवली.

डिस्कचाही विचार करा. अशा सॉफ्टवेअरमधून बाहेर पडणारी डीएनजी मूळ रॉच्या तिप्पट-चौपट होऊ शकते, कारण तिच्यात प्रत्येक पिक्सेलचे तिन्ही रंग भरलेले असतात. लाइटरूम क्लासिकमध्ये २०२५च्या जूनपासून वेगळी डीएनजी न करताही डिनॉईज लागू होतं, ज्यांची डिस्क भरत आलीय त्यांच्यासाठी ही मोठी सोय. आणि विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, तेव्हा नवं व्हर्जन तुमच्या विंडोजवर चालतं का, हे पैसे भरण्याआधी बघा.

पैशांबद्दल थोडक्यात: डॉलरमधल्या दरावर जीएसटी आणि बँकेचं परकी चलनाचं शुल्क धरा. कायमचा परवाना आहे की वर्गणी, वर्गणी थांबवली तर सॉफ्टवेअर उघडतं का, किती कॉम्प्युटरवर चालतं, हे विचारा. क्रॅक केलेलं घेऊ नका. पार्टीच्या आयुष्यातले फोटो ज्या मशीनवर आहेत, तिथं अनोळखी माणसाची फाइल चालवणं हा विश्वासघात आहे.

कंपनीचे नमुने बघून भुलणं

नमुन्याचा फोटो त्यांनी निवडलेला असतो. तुम्ही तुमचे पाच वाईट फोटो निवडा: हळद, रंगीत एलईडीतली वरात, तालीम, गुलाल, आणि एक काळा पडलेला. चाचणी आवृत्ती हे फोटो हाताशी आल्यावरच उतरवा, कारण बऱ्याच ठिकाणी दिवस उतरवल्यापासून मोजले जातात. जुन्या आणि नव्या व्हर्जनमधून एकाच मापाच्या फाइल काढा, लॅबमधून १२ बाय १८ छापून घ्या, मागं पेन्सिलीनं खूण करा आणि घरच्यांपुढं ठेवा. कुठला कशातला, हे सांगू नका. माझ्या बायकोनं असे पाच जोड बघितले. तिनं तीन जोडांत "दोन्ही सारखेच" म्हणून बाजूला सारले, वरातीचा नवा उचलला, आणि आजोबांचा जुना.

जमलंच तर जुनं व्हर्जन काढून न टाकता दोन्ही ठेवा.

त्या गंगावेशीतल्या पोराला मी हेच पाच फोटो काढून ठेवायला सांगितलं होतं. काल त्याचा फोन आला. "दादा, पाचही जेपेग आहेत. कार्ड लवकर भरतंय म्हणून मी रॉ काढतच नाही." ज्या रॉ डिनॉईजसाठी तो रात्री बारापर्यंत पैसे भरणार होता, ते त्याच्या एकाही फाइलवर चाललं नसतं. आता त्यानं एक मोठं कार्ड घेतलंय आणि पुढच्या हळदीला रॉ काढणार आहे. ते फोटो आले की चाचणी आवृत्ती उतरवायची, असं आमचं ठरलंय.