इंदूरमध्ये गाडी चालवताना नकाशाचे कोणते अ‍ॅप वापरावे?

अ‍ॅप निवडताना आधी आपली गाडी आणि आपले नेहमीचे रस्ते पाहावेत. राजवाडा, सराफा या भागांत चारचाकी न्यावी लागणाऱ्यांना गूगल मॅप्स सोयीचे पडते, कारण 2024 साली अरुंद रस्ते टाळण्याची आणि तसा रस्ता पुढे आल्यास सावध करण्याची सोय ज्या 8 भारतीय शहरांसाठी जाहीर झाली, त्यांत इंदूर होते. मॅपमायइंडियाचे मॅपल्स गतिरोधक आणि तीव्र वळणे आधी सांगते. खंडवा रस्त्याने भेरूघाट ओलांडणाऱ्यांनी ते अवश्य अजमावून पाहावे. घाटात नेटवर्क गेल्यास अडू नये म्हणून त्या भागाचा नकाशा घरच्या वाय-फायवर आधीच उतरवून ठेवावा. मात्र इंटरनेट नसताना वाहतुकीची ताजी कोंडी कळत नाही. सूचना मराठीत ऐकायच्या की हिंदीत, हा आवडीचा प्रश्न आहे (आजी सोबत असतील तर मराठीच बरी). मुक्कामाचे ठिकाण गाडी सुरू करण्यापूर्वीच टाकावे आणि फोन स्टँडवर बसवावा, कारण 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार चालकाला हातातला फोन केवळ मार्ग पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच, वापरता येतो.