राउटर विसरण्याआधी

माझ्या आणि भावाच्या घरचे संगणक थेट जोडायचे होते. सर्व्हर फक्त एकमेकांचा पत्ता कळण्यापुरता. जोडणी लगेच झाली. फोन घ्यायला उठलो, परत आलो तर मेलेली. एररसुद्धा नाही! पाठवणारा पाठवतोय, पलीकडे काही पोचत नाही.

कारण साधं आहे. आतून पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) बाहेर गेलं की राउटर त्याची नोंद ठेवतो, आणि काही काळ शांतता राहिली की ती पुसतो. मग बाहेरून आलेलं पॅकेट आत कुणाला द्यायचं ते त्याला कळत नाही, तो ते टाकून देतो. इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज आरएफसी ४७८७ (२००७) म्हणतो, यूडीपीची (पोचपावती न घेता पॅकेटं पाठवायची पद्धत, आमची जोडणी तीच) नोंद दोन मिनिटांच्या आत पुसू नका. घरगुती राउटर ते ऐकतीलच असं नाही. बऱ्याच राउटरांत असलेल्या लिनक्समध्ये एकतर्फी, म्हणजे उलट उत्तर न आलेल्या, यूडीपीची मूळ मुदत ३० सेकंदच आहे.

म्हणून आधी मोजा. जोडणी करा, दोन्हीकडे काही सेकंद पूर्ण गप्प राहा, मग (या जोडणीवरून नाही, वेगळ्या वाटेने सांगून) पलीकडून एक पॅकेट मागवा. आलं तर शांतता वाढवा. नाही आलं तर नव्याने जोडून कमी वेळाने पाहा. हेच उलट बाजूनेही करा; दोन राउटरांपैकी जो जास्त विसराळू, त्याचाच आकडा आपल्याला हवा असतो. त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळाने छोटं पॅकेट पाठवत राहा. एखादं वाटेत हरवलं तरी दुसरं वेळेत पोचतं. मोजायचा कंटाळा असेल तर सरळ १५ सेकंद धरा.

माझी खरी चूक पुढेच होती: पॅकेटं फक्त मीच पाठवत होतो. बाहेर जाणाऱ्या पॅकेटने नोंद ताजी व्हायलाच हवी, आत येणाऱ्याने होईलच असं नाही. भावाचा राउटर माझ्या पॅकेटांना मोजतच नव्हता. तेव्हा दोन्ही टोकांनी पाठवायचं.

वायरगार्ड (दोन संगणक सुरक्षित जोडणारी व्हीपीएन प्रणाली) असेल तर दोन्हीकडे पर्सिस्टंट कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणाऱ्या पॅकेटांतलं अंतर, २५ सेकंद ठेवा; मुळात ते बंद असतं. टीसीपी (पोचपावती घेऊन पाठवायची पद्धत) वापरत असाल आणि तिचं स्वतःचं कीपअलाइव्ह सुरू केलंत तरी लिनक्सवर पहिली चाचणी ७२०० सेकंदांनी होते, तोही आकडा खाली आणा.

सलग तीन पॅकेटांना उत्तर नाही आलं, तर जोडणी गेली समजून पत्ता पुन्हा विचारा, नव्याने जोडा. लॅपटॉप झोपेतून उठला असेल तर तेवढंही थांबू नका. जुनी नोंद एव्हाना बहुतेक गेलेली असते.