पहिला गेमिंग संगणक: सुटे भाग कोणत्या क्रमाने निवडावेत

सांगलीतल्या दुकानात जाऊन गेमिंगसाठी संगणक हवा असे सांगितले, की जे कोटेशन हातात पडते त्यात बहुधा प्रोसेसरचे नाव सर्वांत वर असते. निवड मात्र तेथून सुरू करू नये. आधी मॉनिटर ठरवावा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, तर २५६० बाय १४४० च्या पडद्यावर जवळजवळ ३६.९ लाख, म्हणजे दुसऱ्या पडद्यासाठी ग्राफिक्स कार्डाला पावणेदोनपटीहून अधिक ठिपके रंगवावे लागतात. पहिल्या संगणकाला १०८० चा पडदा पुरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडदा ठरला की ग्राफिक्स कार्ड निवडावे आणि एकूण रकमेचा तिसरा हिस्सा, जमल्यास थोडा अधिक, त्यासाठी बाजूला ठेवावा. १०८० साठी ८ जीबी स्मृती असलेले एएमडीचे आरएक्स ६६०० हे काटकसरीचे उदाहरण आहे. १२ जीबीचे एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० योग्य भावात मिळाल्यास तेही चालेल. किमती आठवड्यागणिक हलतात, म्हणून दोन-तीन दुकानांची कोटेशने एकाच दिवशी घ्यावीत.

प्रोसेसर कार्डाला साजेसा असावा, त्याहून महाग नको. सहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाकेंद्र) एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा चार कोअरचा आय३-१२१००एफ अशा कार्डांना पुरतो. इंटेलच्या नावातील शेवटचे ‘एफ’ अक्षर मात्र नीट वाचावे: त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. कार्डाचे पैसे दिवाळीपर्यंत जमणार असतील, तर अंगभूत ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी घेऊन तोवर हलके खेळ खेळता येतात.

मदरबोर्ड निवडताना सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवण्याची खाच, पाहावा. ५६०० साठी एएम४ लागतो आणि त्यावर डीडीआर४ रॅम बसते; २०२२ मध्ये आलेला एएम५ फक्त डीडीआर५ घेतो, म्हणून पुढे प्रोसेसर बदलण्याचा विचार असणाऱ्याने थोडे जास्त मोजून तो पर्याय तपासावा. जुना एएम४ बोर्ड घेतल्यास त्याचे बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डावरची आज्ञावली) अद्ययावत करून देण्यास दुकानदाराला सांगावे. रॅम १६ जीबी घ्यावी, पण एक पट्टी नव्हे, ८-८ च्या दोन, कारण दोन वाटांनी माहिती वाहिल्याने वेग वाढतो. खेळ साठवण्याची एसएसडी ड्राइव्ह शक्य असल्यास १ टीबीची असावी, कारण आजचे कित्येक मोठे खेळ एकेकटेच १०० जीबीहून अधिक जागा खातात.

सर्वांत जास्त चूक होते ती एसएमपीएसमध्ये, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारा एसएमपीएस मी पहिल्या वेळी वापरला आणि मे महिन्यातील वळवाच्या पावसात वीज जाऊन-येऊन झाल्यावर तो जळाला, सोबत मदरबोर्डही गेला. त्यामुळे ८० प्लस हे वीज कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला, नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. आरएक्स ६६०० स्वतः १३२ वॅट वापरते, म्हणजे ५५० वॅट पुरेसे आहेत आणि ७५० वॅटवर पैसे घालवण्याची गरज नाही. यूपीएसही जोडावा, पण ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅटच असतात, आणि त्याचे काम खेळ सेव्ह करून संगणक बंद करण्यापुरते आहे.

कॅबिनेटचा पुढचा भाग जाळीचा असावा, काचेचा नको. उन्हाळ्यात काचेच्या बंद पेटीत कार्ड तापते. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. २०१९ चा महापूर पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको, पण इतरांनीही निदान धुळीसाठी ते टेबलावर ठेवावे.

पुण्याहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग थोडे स्वस्त पडू शकतात, पण कार्ड बिघडले तर ते परत पाठवण्याचा खर्च कोण करणार, हे आधीच विचारावे. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक जीएसटी बिलावर लिहून घ्यावा. जोडणी दुकानातच आपल्यासमोर करून घ्यावी, बायोसमध्ये रॅमचा एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू आहे का ते पाहावे, आणि घरी आल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डालाच लावावी.