मूनी (रबराच्या घट्टपणाचा आकडा) सारखाच, मग माल वेगळा का? रबराच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पदवी घेऊन बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या रबर कारखान्यात लागणार असाल, तर सुरुवातीचा वेळ लॅबइतकाच टू-रोल मिलपाशी, म्हणजे दोन फिरत्या रोलमध्ये रबर मळणाऱ्या यंत्रापाशी घालवा. सेफ्टी बार कुठे आहे, तो दाबल्यावर रोल खरंच थांबतात का, हे आधी बघा. मग मिलवर वर्षानुवर्षं उभे असलेले भाई बँड (रोलभोवती गुंडाळलेला रबराचा पट्टा) कसा कापतात, कसा उलटवतात ते पाहा. मोडक्यातोडक्या गुजरातीत विचारलंत तरी मनापासून सांगतात.

कच्चं नैसर्गिक रबर चिवट असतं, कारण त्याच्या साखळ्या अतिशय लांब आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात. रबरात इतर घटक मिसळण्याआधी त्या तोडाव्या लागतात. गरम केलं की काम लवकर होईल, असं नवख्यांना वाटतं. होतं वेगळंच. थंड रोलवर रबर घट्ट, म्हणून ताण जास्त. साखळ्या ताणाने तुटतात आणि हवेतला ऑक्सिजन तुटलेली टोकं पुन्हा जुळू देत नाही. 100-110 अंशांच्या आसपास हे तुटणं सर्वात मंद होतं. त्याहून वर गेलं की ऑक्सिडेशन जोर धरतं. म्हणून मिलच्या रोलमधून थंड पाणी फिरवतात, आणि बंद मिक्सरमध्ये उष्णतेचा उपयोग करून घेतात, अनेकदा पेप्टायझर (साखळ्या तुटायला मदत करणारं रसायन) घालून.

आता मूनी चाचणीबद्दल, कारण माझ्या मते नवीन मुलं इथेच सर्वात जास्त फसतात. या चाचणीत 100 अंशांवर एक मिनिट तापवलेल्या रबरात चकती चार मिनिटं फिरते, मिनिटाला फक्त दोन फेऱ्या. हा वेग फारच संथ आहे. एक्स्ट्रुडर म्हणजे रबर साच्याच्या तोंडातून (डायमधून) ढकलून बाहेर काढणारं यंत्र; त्याच्या डायमध्ये कातरवेग, म्हणजे रबराचे थर एकमेकांवरून सरकण्याचा वेग, मूनीच्या शेकडो पट असू शकतो, इंजेक्शन मोल्डिंगमध्ये हजारो पट, आणि वेग वाढला की रबर पातळ होत जातं. किती पातळ होईल, हे साखळ्यांच्या लांबीच्या वाटपावर आणि फांद्यांवर ठरतं. त्यामुळे मूनी सारखा असलेल्या दोन बॅचपैकी एकीचा प्रोफाइल (बाहेर पडणारी आकाराची पट्टी) डायबाहेर जास्त फुगू शकतो. अशा वेळी कॅपिलरी रिओमीटरवर (रबर बारीक छिद्रातून ढकलून त्याचा घट्टपणा मोजणाऱ्या यंत्रावर) तीन-चार वेगांना मोजणी करून घ्यायचा आग्रह धरा. वरिष्ठ वेळ नाही म्हणाले तरी धरा.

कच्च्या रबराच्या गाठीवरची (बेलवरची) तारीखही वाचा. साठवणीत नैसर्गिक रबर आपोआप कडक होत जातं. सीव्ही (घट्टपणा स्थिर ठेवलेल्या) ग्रेडमध्ये ते रसायन घालून रोखलेलं असतं. आणि मे महिन्यात मिलवरून उतरलेल्या गरम शीट्स एकावर एक रचू देऊ नका. गंधक आणि अ‍ॅक्सिलरेटर (रबर पक्कं होण्याची क्रिया वेगवान करणारं रसायन) पडलेला माल थप्पीच्या मधोमध तासन्‌तास गरम राहतो, तिथेच स्कॉर्च होऊ लागतो, म्हणजे वेळेआधीच पक्का होऊ लागतो, आणि दुसऱ्या दिवशी एक्स्ट्रुडरमधून गाठाळ बाहेर येतो.