कॉन्फरन्सचा स्टॉल: छापण्याआधी काय तपासायचं

गोरेगावला शुक्रवारी डॉक्टरांची कॉन्फरन्स आणि औषध कंपनीच्या स्टॉलवरच्या स्टँडीचं (उभ्या फलकाचं) आर्टवर्क बुधवारी संध्याकाळी कंपनीच्या मेडिकल विभागाकडे आलं, तर ते कोणी वाचत नाही, नुसती सही होते. निदान तीन आठवडे आधी फाइल फिरायला लावा. मेडिकल, रेग्युलेटरी (सरकारी परवानग्या पाहणारा) आणि लीगल या विभागांचे शेरे एकाच प्रतीवर घ्या. तीन वेगळ्या मेलमधले शेरे जुळवताना एखादा हमखास गळतो.

तपासणीला बसताना शेजारी भारतात मंजूर झालेली प्रिस्क्रायबिंग इन्फर्मेशन (औषधाची डॉक्टरांसाठीची अधिकृत माहिती) ठेवा. परदेशी मुख्यालयाकडून आलेल्या तयार पॅनेलवर बरेचदा अशी इंडिकेशन (औषध कोणत्या आजारासाठी वापरायचं ते) असते, जिला इथे परवानगीच नाही. मार्च २०२४ च्या यूसीपीएमपी, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रचारासाठीच्या संहितेनुसार विक्रीच्या परवानगीआधी प्रचार चालत नाही, आणि नंतरचा प्रचारही त्या परवानगीच्या चौकटीतच हवा. परिषद आंतरराष्ट्रीय असली तरी स्टॉल मुंबईतच आहे.

मग दावे. प्रत्येक दाव्याला क्रमांक द्या आणि संदर्भाच्या पीडीएफमध्ये नेमकी ओळ पिवळी करून जोडा. ती ओळ त्या अभ्यासाच्या निकालातली हवी. पेपरच्या प्रस्तावनेत दुसऱ्याच्या हवाल्याने आलेलं वाक्य उचललं असेल तर मूळ पेपर मागवा. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, ते पाहा. १०० पैकी दोघांचा त्रास एकावर आला की ‘५० टक्के घट’ छापता येते, पण शेजारी २ आणि १ हे आकडेही हवेत. ‘सेफ’ हा शब्द मोघम वापरता येत नाही. भारतात वर्षभराहून जास्त काळ मिळणाऱ्या औषधाला ‘न्यू’ म्हणता येत नाही, त्यामुळे गेल्या वर्षीचं आर्टवर्क पुन्हा छापताना लाँचची तारीख बघाच. तुलनेत दुसऱ्या कंपनीचा ब्रँड त्यांच्या संमतीशिवाय नको.

स्टँडीची गंमत वेगळीच. जेनेरिक नाव, डोस, दुष्परिणाम, इशारे, कंपनीचा पत्ता, माहितीची तारीख हा सगळा बारीक मजकूर डिझायनर तळाशी ढकलतो. रोलअप (पेटीतून वर ओढून उभी करायची स्टँडी) उभा केला की खालची पट्टी पेटीत जाते, आणि उरलेला मजकूर टेबलक्लॉथमागे. म्हणून तो मजकूर निदान गुडघ्याच्या वर घ्यायला सांगा. व्हेंडरने सहा फुटांची फाइल चार फुटांवर आणली असेल तर ती नव्याने तपासा. मंजुरी त्या मापाची नव्हती.

स्टॉलवर ठेवायची मराठी पेशंट-पत्रकं सगळ्यात दुर्लक्षित. इंग्रजी प्रतीत ‘वेल टॉलरेटेड’ (बहुतेकांना नीट सोसतं) असतं, भाषांतरात त्याचं ‘पूर्णपणे सुरक्षित, दुष्परिणाम नाहीत’ होतं. संहिता नेमकं हेच विधान करू देत नाही. पत्रकात शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाचं ब्रँडनेम असेल तर ती लोकांसाठीची जाहिरात ठरते, आणि तिला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. पत्रक आजाराविषयीच ठेवा, आणि मराठी प्रत मराठी वाचणाऱ्या डॉक्टरकडूनच तपासून घ्या.

डायरी, कॅलेंडर, पुस्तक अशा माहितीपर वस्तू प्रत्येकी १,००० रुपयांपर्यंत चालतात. पॉवर बँक चालत नाही, लोगो कितीही छोटा असो. सॅम्पल स्टॉलवर उघडी ठेवू नका. ती फक्त प्रिस्क्राइब करू शकणाऱ्याला, नाव, संख्या आणि तारीख नोंदवून द्यायची. एका औषधाची एका डॉक्टरला वर्षाला जास्तीत जास्त १२ पॅक.

मंजूर प्रतीवर मंजुरीचा कोड आणि मुदतीची तारीख छापा. क्यूआर कोड उघडून जे पान दिसतं तेही मंजुरीचाच भाग आहे. ते नंतर बदललं तर मंजुरी गेली. उद्घाटनाच्या सकाळी कोणीतरी मंजूर पीडीएफ हातात घेऊन स्टॉलवर जावं आणि लावलेलं प्रत्येक पान मंजुरीच्या कोडाशी ताडून पाहावं. उरलेली पत्रकं मोजून ऑफिसात परत आणा, नाहीतर मुदत संपल्यावरही ती एमआरच्या (कंपनीच्या फिरत्या प्रतिनिधीच्या) बॅगेतून वर्षभर फिरत राहतात.